बर्टनच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री घरी केलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली. फेस खाली बसला, पेल्यात तो स्वच्छ सोनेरी रंग दिसला आणि आधी तुमचीच आठवण झाली. फोनवर गळा भरून आला, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या शतकात इथून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला जायची ती पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, लंडनच्या घरात करून बघायची, हे दोन वर्षं डोक्यात घोळत होतं. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. कडू, आणि कडवटपणा घशाला टोचणारा. मी बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांना दोष देत बसलो. तुम्ही मात्र पहिलंच विचारलंत, "पाणी कसलं घेतोस?" लंडनचं पाणी चुनखडीचं, बर्टनच्या विहिरींचं जिप्सम या खनिजाचं. तीस लिटर पाणी आदल्या रात्री उकळायचं, तळाशी बसलेला पांढरा साका न हलवता वरचं अलगद काढून घ्यायचं, मग त्यात पंधरा ग्रॅम जिप्सम. बर्टनच्या ब्रुअरीत, लॅबमध्ये हयात घालवलेल्या माणसालाच हे इतकं सोपं करून सांगता येतं.

1822 साली बर्टनच्या ऑलसॉप ब्रुअरीतल्या माणसाने, भारतात बिअर पाठवणाऱ्या लंडनच्या हॉजसनच्या बिअरचा नमुना आधी चहाच्या किटलीत करून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. ती सांगून तुम्ही मलाही आधी दोनच लिटरची खेप करायला लावलीत. मग शेव्हॅलियर जातीच्या जुन्या बार्लीचं साडेसहा किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, स्वतः घेऊन आलात. त्या दिवशी सहासष्ट अंशांच्या गरम पाण्यात ते भिजवून (मॅश लावून) आपण स्वयंपाकघरात बसलो होतो. भिजल्या धान्याचा तो भाजक्या सातूसारखा वास अजून नाकात आहे.

पण खरे उपकार त्यानंतरचे. सहा आठवड्यांनी चव घेतली, तर पुन्हा तेच कडू. ओतून टाकायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "अरे, आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून मुंबई गाठायला जहाजाला चार-पाच महिने लागायचे. लोणचं दुसऱ्या दिवशी काढतात का?" मग बुधल्यात गोल्डिंग्ज हॉप्स आणि तुम्ही दिलेलं ब्रेटॅनोमायसिस यीस्ट घालून जिन्याखालच्या अंधारात ठेवून दिलं. 1904 मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेनने इंग्लिश बिअरमध्येच ते यीस्ट शोधलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आठ महिने झाले. कडूपणा आहे, पण आता तो जिभेवर नीट बसतो. मागून पिकल्या फळाचा, किंचित चामड्याचा वास येतो. वर्षभर मुरलेली कशी लागेल, ते आपण दोघांनी मिळून बघायचं.

सहा बाटल्यांवर तुमचं नाव घातलंय. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो. काकूंना सांगा, जेवायलाच आहे.

तुमचा,
लंडनचा पुतण्या