जुनी पिकअप पारखून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

जुनी पिकअप बघायला सोबत याल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नको." तिथं पोचल्यावर तुम्ही आधी बॉनेटवर तळहात ठेवलात. गरम होतं. मग गाडी गार होईपर्यंत तुम्ही सरळ तिच्याखाली शिरलात. गरम इंजिन एका सेल्फात उठतंच. रात्रभर गार पडलेलं इंजिन उठताना किती खडखडतं आणि कसला धूर टाकतं, त्यावर त्याची तब्येत कळते, हे तुम्ही खालूनच मला समजावत होतात.

पण सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी. तुम्ही म्हणालात, इंजिन पुन्हा बांधता येतं, क्लचप्लेट बदलता येते, पण चासी कुजली की गाडीत जीव उरत नाही. त्या गाडीला खालून ताजा काळा रंग मारला होता. तुम्ही छोट्या हातोडीनं चासी ठोकत मागे सरकलात. खणखणीत आवाज येत होता, तो मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कडीपाशी, एकदम बद्द झाला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलंत तर रंगासकट पापुद्रा सुटला आणि टोक आत गेलं. चिखल-पाणी तिथंच साचून राहतं, म्हणून गंज तिथून लागतो. तुम्ही मला वाकून ते भोक बघायला लावलंत, नुसतं "नको घेऊ" म्हणून मोकळे झाला नाहीत. मालकालाही तोडून बोलला नाहीत. या चासीवर भार घालू नका, असं त्यांना काळजीनं सांगितलंत.

दुसरी गाडी दिसायला त्याहून वाईट, हौदा ठिकठिकाणी चेपलेला. तुम्ही म्हणालात, हौद्याला मार बसणारच, ती मालाची गाडी आहे. खालून मात्र चासी कोरडी, सरळ, आणि तिच्यावरचा नंबर कागदपत्रांशी अक्षरन् अक्षर जुळणारा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरल्याची खूण नाही. चालू इंजिनवर तेच झाकण काढलं तर वाफेचे भपके नाहीत, म्हणजे पिस्टनच्या रिंगा बहुधा शाबूत. निळा धूर ऑइल जळाल्याचा, काळा डिझेल जास्त किंवा हवा कमी पडल्याचा, आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर दिसला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळत असण्याची शंका घ्यायची, हे आता माझ्या पक्कं डोक्यात आहे. टायरची नक्षी खोल होती, तरी तुम्ही कडेचे चार आकडे वाचलेत: 2314, म्हणजे 2014 सालचा 23वा आठवडा. रबर म्हातारं झालंय, नक्षीवर जाऊ नको, म्हणालात. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून क्लच घसरत नाही ना, तेही तुम्ही स्वतः चालवून बघितलंत.

काका, यातल्या कशाचीच तुम्हाला घाई नव्हती, आणि विचारलेला एकही प्रश्न तुम्ही उडवून लावला नाहीत. कपडे ग्रीसनं माखले, तरी तुम्ही मला प्रत्येक ठिकाण हातानं चाचपायला लावलंत. ही विद्या तुम्ही राखून ठेवली नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

गाडी घेतली. टायर आणि ब्रेकचे जुने होज (रबरी नळ्या) तुम्ही सांगितलेत तसे आधी बदलले. मागच्या डाव्या बाजूचा तडा गेलेला पाटा अजून तसाच आहे, तोवर हौदा रिकामा ठेवलाय. ते काम तुमच्याच हातून व्हावं अशी इच्छा आहे. सवड असेल तो दिवस कळवा, गाडी घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
एक नवा पिकअपवाला