गुडघा बदलला, वाकवून कोण घेणार?

संपादक महोदय,

सध्या कोल्हापुरात चौकाचौकात गुडघेरोपणाचे फलक दिसतात. 'सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी चाला.' हे खोटं नाही. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि मलाही लगेच वॉकर धरून उभं केलं होतं. पण पुढच्या दीड-दोन महिन्यांबद्दल त्या फलकावर अवाक्षर नसतं, आणि गुडघा मोकळा होणार की ताठ राहणार हे त्याच काळात ठरतं.

शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मधे पॉलिथिनची चकती. सांधा नवा होतो. त्याला हलवणारे स्नायू मात्र वर्षानुवर्षं लंगडून दुबळे झालेले, तेच जुने. त्यात आतली जखम भरताना सगळं आखडत जातं. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा नीट वाकला नाही, तर कधी कधी पुन्हा भूल देऊन तो वाकवायची वेळ येते.

माझ्या शेजारच्या खाटेवर करवीर तालुक्यातल्या एक आजी होत्या. जन्मभर उकिडवं बसून म्हशींच्या धारा काढलेल्या. त्यांच्या सूनबाई फार मायेच्या. सासूचा पाय दुखतोय म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी सरकवायच्या. फिजिओथेरपीची मुलगी आली की पहिली ती उशी काढायची आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. "आजी, गुडघा खाली दाबा, गादीला टेकवा." आजी कळवळायच्या. उशीनं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो, हे त्या मुलीनं सूनबाईंना समजावलं. घरी गेल्यावर समजावणारं कुणी नव्हतं. भावकीतून पायाचा रस्सा मात्र रोज येत होता! (चव झकास असेल, धातूच्या सांध्याला त्याचा काय उपयोग, ते आणणाऱ्यांनाच ठाऊक.) टाके काढायच्या दिवशी भेटल्या तेव्हा पाय सरळ होत नव्हता.

दोष सूनबाईंना देऊ नये. घरी जाताना मिळालेल्या कागदावर गोळ्या वेळेसकट लिहिलेल्या होत्या आणि व्यायामाबद्दल दोनच शब्द : 'व्यायाम करणे'. कोणता, किती वेळा, किती दुखलं तर थांबायचं, काहीच नाही. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एवढी साधी गोष्टसुद्धा मला विचारून घ्यावी लागली. फिजिओथेरपिस्ट शहरात, घरी बोलवायचं तर प्रत्येक खेपेचे पैसे, आणि वॉकर घेऊन केएमटीच्या बसमध्ये चढायला सांगणाऱ्यानं आधी स्वतः चढून दाखवावं.

केंद्र सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि दीड लाखाच्या पुढचा साधा सांधा 55 हजारांच्या आसपास आला. तेव्हापासून लोक सांध्याची कंपनी आणि किंमत विचारायला शिकले, हे चांगलंच झालं. नंतरच्या फिजिओथेरपीचं काय, हे अजून कुणी विचारत नाही. 'पॅकेज'मध्ये ती धरलेली आहे का, किती दिवसांची, घरी येऊन की रुग्णालयात, हे आगाऊ रक्कम भरण्याआधीच लेखी घ्यावं, असं माझं वाचकांना सांगणं आहे.

रुग्णालयांनी चित्रांसह मराठीत व्यायामाचा तक्ता द्यावा आणि घरातल्या एकाकडून तो करून घेतल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसेल, अशी सोय आरोग्य विभागानं करावी. दुधाच्या गाडीतून का होईना, माणसं तिथवर येतील.

– एक निवृत्त शिक्षिका, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर