मांडव्याच्या गाळ्याचा हप्ता पावसाळ्यात कोण भरणार?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या आपल्या जळगाव-धुळ्याकडे मांडवा-अलिबागच्या गाळ्यांची लई चर्चा चालूये. हॉटेलात मीटिंग ठेवतात, नाश्ता देतात आणि सांगतात की मुंबईहून रो-रो (माणसांसोबत गाड्याही नेणारी बोट) सुरू झालीये, जेट्टीवर माणसांची रीघ लागते, गाळा घ्या, भाडं फिक्स. मी चाळीसगावला व्यापाऱ्यांचे हिशोब लिहितो, टोकन (बुकिंगची रक्कम) द्यायच्या आधी काही जण कागद दाखवायला आणतात, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

रो-रो मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते, तासाभरात पोचते, हे खरंय. पण तिच्यातून माणूस गाडीसकट उतरतो आणि सरळ अलिबाग, नागाव, काशीदकडे निघतो. गेटवेहून लाँचने येणाऱ्याला तर काही ठिकाणी तिकिटातच अलिबागची बस मिळते, तो जेट्टीजवळच्या दुकानात कशाला थांबेल? त्यात जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून नवी मुंबईकडे समुद्रावरून जाणारा अटल सेतू झाला, आता ज्याला रस्त्याने जायचंय त्याला तोही मार्ग आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो चालते पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द. म्हणजे तिथला धंदा शनिवार-रविवारचा आणि कोरड्या महिन्यांचा, भाडेकरू जून लागला की भाडं कमी करा म्हणणारच.

आणि आपलं कसंय बघा, कापसाचा पैसा येतो दसरा-दिवाळीनंतर, जून ते पोळा बी-बियाणं, खतं, निंदणी-खुरपणी, मुलांच्या फिया, सगळा खर्चच खर्च. तिकडे भाडं आटतं नेमकं त्याच महिन्यांत इकडे घरात पैसा नसतो, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच कापला जातो. ही गोष्ट त्या मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

हिशोब करून बघू. समजा गाळा ४० लाखांचा. घराला जेवढं कर्ज मिळतं तेवढं गाळ्याला मिळत नाही, बँका साधारण ५०-६५ टक्क्यांवरच थांबतात, व्याज जास्त आणि मुदत कमी. २४ लाख मिळाले, ११ टक्के व्याज, १० वर्षं, तर हप्ता झाला ३३ हजारांच्या आसपास. किमतीच्या ६ टक्के भाडं धरलं तर महिन्याला येतात २० हजार, तेही गाळा बारा महिने भरलेला असेल तर. वरचे १६ लाख कुठून आणणार? शिवाय बांधकाम चालू असेल तर बहुतेक वेळा १२ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख ८० हजार, आणि स्टॅम्प ड्युटी वेगळी. मग बायकोचं सोनं गहाण पडतं नाहीतर पतसंस्थेचं महाग कर्ज. आपल्या भागात पतसंस्थांत ठेवी अडकून लोकांची काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिलंय, तरी परत तेच?

"फिक्स भाडं" हे बऱ्याचदा बिल्डरने आपल्याकडूनच घेतलेल्या वाढीव किमतीतून काढून दिलेलं असतं, दोन-तीन वर्षं देतात मग बंद.

कागदांचं एवढंच सांगतो की रेरा कायदा (बिल्डरवर लक्ष ठेवणारा) गाळ्यालाही लागू आहे, रजिस्टर करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. किनाऱ्याजवळ भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे) नियम लागू शकतात, म्हणून नुसता सातबारा बघून भागत नाही, जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि सीआरझेडची परवानगी दोन्ही मागा. देत नसतील तर टोकनही देऊ नका.

साहेब, तुमच्याकडे एकच मागणं आहे. ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरांच्या प्रोजेक्टच्या जाहिरातींवर महारेराचा (आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन करून प्रोजेक्ट खरंच नोंदलेला आहे का एवढं तुमच्या जाहिरात विभागाने बघावं. आणि एखाद्या रविवारी बँकेतल्या जाणत्या माणसाकडून गाळ्याच्या कर्जाचं गणित सोप्या भाषेत लिहून घ्या, जमलं तर दसऱ्याच्या आत, कारण कापूस विकला की हे एजंट परत दारात येतात.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव (जि. जळगाव)