मास्क का ओढायचा, हे मराठीत सांगा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

चिकलठाणा आणि नांदेडच्या विमानतळांवरून पहिल्यांदाच विमानात बसणारी पुष्कळ माणसं जातात. हज यात्रेला निघालेले वडीलधारे, लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीला निघालेली आई. सुरक्षेच्या सूचना त्यांना बहुधा हिंदी-इंग्रजीत ऐकाव्या लागतात. त्यांत काय करायचं ते असतं, का करायचं ते नसतं. केबिनमधला दाब गेला तर हे ‘का’ ठाऊक नसणं जिवावर बेतू शकतं.

35,000 फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव हिस्सा उरतो. म्हणून बहुतेक प्रवासी विमानांत इंजिनांतून काढलेली दाबाची हवा थंड करून केबिनमध्ये सतत सोडतात आणि शेपटीकडच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून बेताने बाहेर जाऊ देतात. हौदाचा नळ चालूच ठेवायचा आणि खालची तोटी कमीजास्त करून पातळी राखायची, तसं. आतला दाब 8,000 फूट उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नसतो. तेवढी उंचीसुद्धा कळसूबाईच्या शिखराहून जास्त आहे. नळ बंद राहिला किंवा तोटी उघडी राहिली, की हौद रिता होतो.

दरवाजाचं सील गेलं, काच फुटली, तर लगेच कळतं. हळू गळती त्याहून घातकी. ऑक्सिजन कमी पडून माणसाला दारू चढल्यासारखं वाटतं, नखं निळसर पडतात, आणि आपलं काही बिघडलंय हेच त्याच्या लक्षात येत नाही. 25,000 फुटांवर भान राहतं तीन ते पाच मिनिटं. 35,000 वर अर्धं ते एक मिनिट. आधी स्वतःचा मास्क, मग लेकराचा, असं सांगतात ते एवढ्यासाठी. आई बेशुद्ध पडली तर लेकराला मास्क लावणार कोण?

केबिनमधला दाब साधारण 14,000 फूट उंचीवरच्या दाबाइतका कमी झाला की मास्क आपोआप खाली पडतात. मास्क ओढला की दोरीची पिन निघते आणि वरच्या डब्यात रासायनिक प्रक्रिया सुरू होऊन ऑक्सिजन येतो. न ओढता नुसता तोंडाला धरला तर काहीच येत नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. डबा तापतो, जळका वास येतो. ती आग नव्हे. ऑक्सिजन साधारण बारा मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात विमान 10,000 फुटांवर उतरतं. ही तीव्र उतरण वैमानिक मुद्दाम करतो, विमान कोसळत नसतं. हे आधी माहीत असलेला माणूस पट्टा सोडून उठत नाही.

वैमानिकांचा क्रमही तोच: आधी स्वतःचा मास्क, मास्कच्या मायक्रोफोनवरून एकमेकांशी बोलणं, मग दाबाची यंत्रणा मॅन्युअलवर, म्हणजे हाताने चालवायला घेऊन आउटफ्लो व्हॉल्व्ह बंद करणं. दाब सावरत नसेल तर इंजिनांची शक्ती कमी करून, पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे हवेला अडवणारे फाळके, उघडून खाली यायचं. खाली डोंगर असेल तर 10,000 च्या वरच थांबावं लागतं.

14 ऑगस्ट 2005 रोजी ग्रीसमध्ये हेलिऑसच्या विमानातले 121 जण गेले. जमिनीवर गळतीची तपासणी झाल्यावर दाबाच्या यंत्रणेचा सिलेक्टर (ऑटो की मॅन्युअल हे ठरवणारा खटका) मॅन्युअलवरच राहिला होता, म्हणून दाब आपोआप राखला गेला नाही, आणि त्याचा इशारा देणारा भोंगा वैमानिकांना वेगळ्याच गोष्टीचा वाटला. आपल्याकडे 20 सप्टेंबर 2018 रोजी मुंबई-जयपूर विमानात इंजिनाची हवा केबिनला देणारा स्विच चालू करायचा राहिला. प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं.

मराठवाड्याचा संबंध इथेच येतो. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा विरळ, म्हणून इंजिनाचा जोर कमी पडतो. तो भरून काढायला काही विमानं केबिनची हवा तात्पुरती बंद ठेवून उडवतात. वर गेल्यावर ती पुन्हा सुरू करायची, आणि नेमकी हीच पायरी विसरली जाऊ शकते.

म्हणून तीन मागण्या आहेत. इथून सुटणाऱ्या प्रत्येक विमानात मास्कची सूचना मराठीत, कारणासह द्यावी. गळतीच्या तपासणीनंतर सिलेक्टर ऑटोवर परत आणल्याची नोंद दुसऱ्या माणसाच्या सहीनेच पक्की व्हावी. आणि एप्रिल ते जून या काळातल्या उड्डाणांची रेकॉर्डरमधली माहिती तपासून, केबिनची हवा सुरू व्हायला किती वेळा उशीर झाला, हे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) पाहावं. पुढचा उन्हाळा लागायच्या आत हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपले,
विमान देखभालीच्या क्षेत्रातले मराठवाड्याचे रहिवासी
छत्रपती संभाजीनगर