जन्मदर छापताना छेदही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्याचा जन्मदर झपाट्याने घसरल्याची पहिल्या पानावरची बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. सत्तावीस वर्षं मी शहरातल्या एका जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात नोंदवही लिहिली. असे आकडे ज्या रकान्यांतून निघतात, ते रोज माझ्या हाताखालून जात.

वर्षभरातल्या जन्मांना वर्षाच्या मध्याच्या लोकसंख्येने भागायचं आणि हजाराने गुणायचं, की जन्मदर आला. गणित चौथीतलं आहे. घोळ होतो तो अंशात कोणाची बाळं धरली आणि छेदात कोणती माणसं, यात.

जन्म नोंदला जातो तो झाला त्या ठिकाणी. मोठं प्रसूतिगृह ज्या भागात, तिथल्या नोंदवह्या फुगतात आणि शेजारचा भाग कागदावर ओसाड दिसतो. समजा, ५ लाख वस्तीच्या जिल्ह्यात १०,००० जन्म नोंदले गेले. दर आला २०. त्यातल्या ४,००० बाळांच्या आया बाहेरून केवळ बाळंतपणापुरत्या आल्या होत्या आणि इथल्या ५०० बायका दुसरीकडे बाळंत झाल्या. मग इथले खरे जन्म ६,५०० आणि दर १३. पुढच्या वर्षी ते प्रसूतिगृह दुसरीकडे हललं, तर एकाही जोडप्याने विचार बदललेला नसताना जन्मदर ‘कोसळला’ अशी बातमी होईल. म्हणून मोजणी आईच्या नेहमीच्या राहत्या पत्त्यावरूनच व्हायला हवी.

तो पत्ताही सरळ मिळत नाही. घाईत फॉर्म भरणारा कधी आईच्या पत्त्याच्या जागी रुग्णालयाचाच पत्ता उतरवतो. एकदा एक तरुण बाप महिन्यापूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता सांगत होता. आता कुठे राहता, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “तोच राहू द्या मॅडम, कागदपत्रं सगळी त्याच पत्त्यावर आहेत, नाहीतर दाखला अडेल.” त्याची भीती मला कळत होती. दाखला अडणार नाही हे समजावून नवा पत्ता घ्यायला दहा मिनिटं गेली. रांग लांब असली की ती दहा मिनिटं मिळत नाहीत.

छेदाची गत त्याहून वाईट. दोन जनगणनांच्या मधली लोकसंख्या बहुतेक ठिकाणी अंदाजाने काढतात. येणारा माणूस नव्या पत्त्यासाठी कुठेतरी नाव लावतो, जाणारा मात्र कोणालाही न सांगता जातो. वरच्या उदाहरणात प्रत्यक्षात साडेचार लाखच माणसं उरली असतील, तर १३चा दर १४.४ होतो. स्वीडन, डेन्मार्कसारख्या देशांत लोकसंख्येच्या नोंदवहीत स्थलांतरही चढतं, त्यामुळे त्यांचा छेद अद्ययावत असतो.

आणि एका वर्षाच्या आकड्यावरून हाकाटी नको. जपानमध्ये १९६६ हे तिथल्या पारंपरिक पंचांगातलं ‘अग्नि-अश्वा’चं वर्ष होतं; त्या वर्षी मुलगी जन्मणं अशुभ मानून जोडप्यांनी मूल लांबवलं. आदल्या वर्षीचे सुमारे १८ लाख जन्म १३.६ लाखांवर आले आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर गेले. त्या एका वर्षावर भरवसा ठेवून कोणी शाळा बंद केल्या असत्या, तर पुढच्या वर्षीची मुलं बसली कुठे असती?

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण अशाच आकड्यांवर बालवाड्या, लसीकरणाची केंद्रं आणि प्रसूतिगृहातल्या खाटा ठरतात. ज्या भागात तरुण बायकाच कमी, तिथला एकूण लोकसंख्येवर काढलेला ढोबळ जन्मदर कमीच दिसणार. तिथे १५ ते ४९ वयाच्या दर हजार स्त्रियांमागे किती जन्म झाले, हे विचारायला हवं.

पुढच्या वेळी जन्मदराची बातमी देताना जन्म राहत्या पत्त्यावरून मोजले की जन्मस्थळावरून, आणि भागायला घेतलेली लोकसंख्या कोणत्या वर्षाची, एवढ्या दोन ओळी त्याखाली छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त नोंदणी लिपिक