लॅम्डा विषाणूच्या तुकड्यांचा क्रम

बॉल्टिमोर,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

विषाणूच्या डीएनएचे तुकडे केल्यावर त्यांचा मूळ क्रम कसा ओळखतात, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. आकडे समोर असल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून हे पत्र.

आमच्याकडचा विषाणू म्हणजे ई. कोलाय या जिवाणूत वाढणारा लॅम्डा. त्याचा डीएनए ४८,५०२ बेस जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे अक्षर), सरळ धाग्यासारखा आहे. डीएनए कापणारी प्रथिने, म्हणजे रिस्ट्रिक्शन एंझाइम, ठरावीक अक्षरे दिसतील तिथेच तो कापतात. आमच्या दोघांना सहा अक्षरे लागतात: ‘इकोआरवन’ जी-ए-ए-टी-टी-सी येथे, तर ‘हिंडथ्री’ ए-ए-जी-सी-टी-टी येथे. निव्वळ योगायोगाच्या हिशेबाने प्रत्येकाच्या सुमारे बारा जागा असायला हव्यात. प्रत्यक्षात इकोआरवनच्या पाच आणि हिंडथ्रीच्या सात आहेत. या जातीचा पहिला एंझाइम हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वर्णिला आणि त्यांचे तिथलेच सहकारी डॅनियल नेथन्स यांनी त्याचा उपयोग एका प्राणिविषाणूचा नकाशा काढण्यासाठी केला. १९७८ चे नोबेल त्या दोघांना वर्नर आर्बर यांच्यासह मिळाले.

कापलेले तुकडे जेलमधून, म्हणजे एका मऊ, पारदर्शक थरातून, विजेच्या साहाय्याने सरकवतात. लांब तुकडे मागे, वरच राहतात, आणि एका लांबीच्या तुकड्यांचा एक पट्टा दिसतो. म्हणजे जेलवर तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, शेजारानुसार नव्हे. तुमच्या मोजणी खात्याच्या भाषेत सांगायचे, तर सगळ्या गटांची क्षेत्रे हाती आहेत, पण कोणता गट कोणाला लागून आहे हे दाखवणारा नकाशा नाही.

सुरुवात टोकांपासून करावी लागते. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना बारा बेसांचे एकेरी, परस्परपूरक भाग असतात आणि ते एकमेकांना चिकटतात. नमुना ६५ अंशांवर तापवून लगेच गार केला, तर ही टोके सुटी राहतात. न तापवता जेलवर घातला, तर हिंडथ्रीच्या आठ तुकड्यांपैकी ४,३६१ जोड्यांचा पट्टा फिका पडतो, कारण त्यातला बराच भाग २३,१३० च्या तुकड्याला चिकटून वर राहिलेला असतो. म्हणजे हेच दोन टोकांचे. इकोआरवनच्या सहा तुकड्यांत हा मान २१,२२६ आणि ३,५३० यांचा.

मग दोन्ही एंझाइम एकत्र घालायचे. आता १३ तुकडे मिळतात आणि खरी गंमत बेरजेत आहे. हिंडथ्रीचा २३,१३० नाहीसा होऊन २१,२२६ आणि १,९०४ येतात, म्हणजे दोन्ही मोठे तुकडे एकाच टोकाचे. हा १,९०४ इकोआरवनच्या ४,८७८ चा आरंभ ठरतो, कारण १,९०४, २,०२७ आणि ९४७ यांची बेरीज नेमकी तेवढीच होते. उरलेला ९४७ हा १,३७५ सोबत हिंडथ्रीचा २,३२२ पुरा करतो. १,३७५ आणि ४,२६८ मिळून इकोआरवनचा ५,६४३ होतो. असे एकदा या एंझाइमचा, एकदा त्या एंझाइमचा हात धरत दुसऱ्या टोकाच्या ३,५३० पर्यंत पोहोचता येते.

इतके नेमके आकडे जेलवर वाचता येत नाहीत, हे तुमच्यासारख्या मोजणीच्या माणसाच्या लक्षात आलेच असेल. तिथे अंदाजच मिळतो, इकोआरवनचे ५,८०४ आणि ५,६४३ तर जवळजवळ एकमेकांवर बसतात. वरचे आकडे १९८२ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या लॅम्डाच्या अक्षरांच्या संपूर्ण अनुक्रमातले आहेत.

एक गाठ मात्र या पद्धतीने सुटत नाही. हिंडथ्रीचे ५६४ आणि १२५ हे दोन्ही तुकडे इकोआरवनच्या ७,४२१ च्या आत, एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या मध्ये इकोआरवन कुठेच कापत नाही. त्यांची अदलाबदल केली, तरी तेरापैकी एकही आकडा बदलत नाही. त्यासाठी तिसरा एंझाइम लागतो किंवा अपुरी कापणी करून जोडलेले राहिलेले तुकडे मोजावे लागतात. अनुक्रमानुसार, मोठ्या टोकाकडून येताना आधी ५६४ आणि मग १२५ आहे.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे.

आपली आज्ञाधारक,
धाकटी