उशीचं माप

पुणे, ११ डिसेंबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला, चहा घेतला आणि मग उलगडलं. तू म्हणालास, दिवाळीपासून सकाळी मान धरलेली असते, डाव्या हाताला मुंग्या येतात. आणि मधेच, दुसऱ्याच कशाच्या ओघात, म्हणालास की चिरंजीवांनी दिवाळीला नवी गादी घेतली, इतकी मऊ की माणूस आत रुततो. अरे, उशी मात्र तीच जुनी आहे ना? मला तिथेच घोडं अडलेलं दिसतंय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वसतिगृहात दोन वर्षं तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपलोय मी. तू पहिल्यापासून कुशीवर झोपणारा, तेही डाव्या. पाठीवर झोपणाऱ्याला उशी कशीही असली तरी थोडंफार चालून जातं. कुशीवर झोपणाऱ्याचं तसं नाही. एक अख्खा खांदा खाली असतो, त्यामुळे डोकं गादीपासून अधांतरी राहतं. साडेचार-पाच किलोचं डोकं आणि ते पेलायला मानेचे सात मणके. ती मोकळी जागा उशीने नेमकी भरली, तर मान पाठीच्या कण्याच्या रेषेत राहते. उशी कमी पडली तर डोकं खाली लोंबतं, आणि मग आपण नकळत हात उशाखाली घालतो. जास्त झाली तर मान वरच्या खांद्याकडे मुडपते. दोन्हीकडून रात्रभर ताण.

आता तुझं बघ. इतकी वर्षं तू पिंजलेल्या कापसाच्या घट्ट गादीवर झोपलास. त्या गादीत खांदा रुतत नव्हता, म्हणून उंच उशी बरोबर बसत होती. नव्या गादीत खांदा चार-पाच सेंटिमीटर तरी आत जात असणार. म्हणजे डोक्याखालची जागा तेवढीच कमी झाली आणि उशी होती तेवढीच राहिली. गादी बदलली की उशीचं माप बदलतं, हे आपल्याला दुकानात कोणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः यातून गेलोय. मान इतकी आखडायची की स्कूटर चालवताना मागे वळून बघता येईना. एका मोठ्या दुकानातून मधे खळगा आणि कडेला उंचवटा असलेली सर्व्हायकल उशी आणली. मानेच्या दुखण्यावर हीच, असं तिथे ठामपणे सांगितलं. दोन महिने काढले, दुखणं जसंच्या तसं. शेवटी घराजवळच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मला टेबलावर कुशीवर झोपवलं, डोक्याखाली चादरींच्या घड्या घातल्या आणि एकेक घडी वाढवत, काढत राहिल्या. एका क्षणी मानेतला ताण असा सुटला की मला खरंच रडू आलं. त्या घड्यांची उंची मोजली तर १३ सेंटिमीटर. माझ्या महागड्या उशीचा उंचवटा डोकं ठेवल्यावर जेमतेम ९ भरत होता. उशी वाईट नव्हती. हिचे खांदे अरुंद, तिला ती अगदी मापाची निघाली, आजही ती त्याच उशीवर झोपते. एकाच घरात, एकाच पलंगावर दोघांच्या उशा वेगळ्या उंचीच्या असायला हव्यात. आपण मात्र जोडीने सारख्या उशा विकत आणतो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तू हेच घरी कर. भिंतीला खांदा टेकवून ताठ उभा राहा, समोर बघ, आणि कान ते भिंत हे अंतर वहिनींना मोजायला सांग. तुझे खांदे रुंद, १६ च्या आसपास भरावं. हे झालं वरचं माप. त्यातून गादीत खांदा जेवढा रुततो तेवढं वजा. ते अंदाजाने कळत नाही, म्हणून तुझ्याच गादीवर एक पातळ उशी घे आणि चादरीच्या घड्यांनी उंची कमीजास्त कर. वहिनींना मागून एक फोटो काढू दे. डोक्याचा मागचा भाग, मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसला पाहिजे. समोरून बघितलं तर नाक, हनुवटी आणि छातीचं मधलं हाड एका ओळीत. खांदा उशीवर घ्यायचा नाही, उशीवर फक्त डोकं आणि मान. हनुवटी छातीकडे दुमडू नकोस.

हे माप डोकं ठेवल्यानंतरचं असतं, हे विसरू नकोस. दुकानात फुगलेली उशी बघून आपण फसतो.

माझी उशी मी शेवटी रविवार पेठेतल्या एका गादीवाल्याकडून भरून घेतली. लहानपणी आपल्याकडे पिंजारी यायचा ते आठवतं? त्याच्या धनुकलीचा आवाज ऐकला की आपण पोरं अंगणात जमायचो आणि कापूस उडून केसांत बसायचा. आता पिंजायला मशीन आहे, पण भरायला अजून हातच लागतो. मी कागदावर १३ लिहून नेलं होतं. त्या गृहस्थांनी कागद बाजूला ठेवला, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि घरची गादी कसली, ते आधी विचारलं. हा प्रश्न मला मोठ्या दुकानात कोणीच विचारला नव्हता. काथ्याची म्हटल्यावर त्यांनी खाली साधा कापूस आणि वर सावरीच्या झाडाचा कापूस असं भरलं. एक बाजू कच्च्या टाक्यांनी बंद करून दिली आणि आठ दिवस झोपून बघायला सांगितलं. परत गेलो तेव्हा टाके उसवून दोन मुठी सावर काढून घेतली, मग पक्की शिवली. तेव्हापासून माझी मान मला आठवत नाही.

सावरीचं मला नव्याने अप्रूप वाटतंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी भरते तीच काटेसावर. उन्हाळ्यात बोंडं फुटून म्हाताऱ्यांसारखे तंतू उडतात. हे तंतू आतून पोकळ आणि मेणचट, म्हणून हलके आणि पाणी न धरणारे. तिच्या कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी जीवरक्षक जाकिटांत भरायचे. आखूड आणि गुळगुळीत असल्याने त्याचं सूत काही नीट निघत नाही, पण उशीत तो सोन्यासारखा. फक्त धुवायचा नाही, उन्हात टाकायचा, पुन्हा फुलतो.

तुला फोमच हवा असेल तर आधी हे लक्षात घे. मेमरी फोम, म्हणजे दाबला की हळूहळू मूळ आकाराला येणारा फोम, १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांकरता तयार झाला होता. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक पडतो. डिसेंबरच्या रात्री वेगळा, मेमध्ये वेगळा आणि गरमही होतो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, उंची चांगली टिकवतो, पण त्याला ऊन दाखवायचं नाही. फायबरच्या उशा स्वस्त, लवकर बसतात. दुमडून सोडली आणि उलगडली नाही, तर ती संपली समज.

अजून एक उशी गुडघ्यांमध्ये घे. वरचा पाय खाली घसरला की कंबर पिळली जाते. छातीशी एखादा छोटा लोड धरलास तर वरचा खांदाही पुढे ओढला जात नाही.

डावी कूस सोडू नकोस असं एरवी सांगितलं असतं. आपल्याकडे जेवणानंतर वामकुक्षी म्हणतात ते उगाच नाही. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, त्यामुळे आम्ल सहसा वर येत नाही, आणि तुला तर जळजळीचा त्रास आहेच. पण मुंग्या त्याच हाताला येतात, म्हणून महिनाभर उजव्या कुशीवर झोपून बघ, आणि रात्रीचं जेवण लवकर घे.

मुंग्यांचं मात्र डॉक्टरांना दाखव, दिलीप. याच आठवड्यात. हातातली ताकद कमी वाटली, वस्तू निसटायला लागली, तर आठवडाही थांबू नकोस. उशीने सगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये आणि तुझ्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही.

जानेवारीत लग्नाला येणार आहेस ना? एक दिवस जास्त काढ. आपण सकाळीच रविवार पेठेत जाऊ. येताना तुझं चादरीच्या घड्यांचं माप आणि घरचा एक अभ्रा आण, म्हणजे लांबी-रुंदी त्याच्याच बेताने शिवता येईल. आणि फोटो आधी पाठव, मला बघू दे.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. गादी त्याने प्रेमाने आणली आहे, तिला नावं ठेवू नकोस.

तुझा,
अरुण